किल्ली फिरली की

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास कानमास्तर स्वतःच्याच जिन्यात चोरासारखे उभे होते. एक पाय खालच्या पायरीवर, एक वरच्या. वर कोणीतरी बाई गात होती, आणि त्या आवाजाने त्यांना जागच्या जागी धरून ठेवलं होतं.

कानमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. रेल्वेच्या यार्डात सगळे त्यांना याच नावाने हाक मारत, आणि त्यात थट्टा कमी, मान जास्त होता. गाडी यार्डात येऊन थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन तिच्या कडेकडेने चालायचं आणि एकेका चाकावर एकेक टोला द्यायचा, हे त्यांचं काम. चाक धड असेल तर खणखणीत वाजतं. आत कुठे तडा असेल, मग तो केसाएवढा का असेना, तर आवाज बद्द येतो. अडतीस वर्षं ते हेच ऐकत आले. मोठ्या स्टेशनांवर यंत्रं आली, पण या यार्डात अजून कानमास्तरच होते, आणि त्यांनी "जाऊ दे" म्हटल्याशिवाय डबा हलत नसे. "माणूस खोटं बोलेल, चाक नाही बोलणार," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चहाच्या सुट्टीत बरोबरच्या माणसांना ते आठवड्यातून निदान दोनदा ऐकावं लागे.

एरवी ते पहिली पाळी संपवून दोनला घरी येत. त्या दिवशी यार्डाच्या तोंडाशीच एक मालडबा रुळावरून घसरला, सगळं काम अडलं, आणि साहेबांनी माणसांना घरी पाठवलं. म्हणून ते भलत्याच वेळी जिन्यात होते.

सवयीने त्यांनी आधी आवाजाचा माग काढला. पहिला मजला? नाही. दुसऱ्यावर कुणीतरी भांडी घासत होतं. रेडिओ म्हणावा, तर रेडिओतल्या गाण्यामागे वाद्यं असतात, हा आवाज नुसता होता, एकटा. तिसरा मजला. उजवा हात. म्हणजे त्यांचं स्वतःचं दार.

आपला कान चुकला असावा, असं अडतीस वर्षांत दुसऱ्यांदा त्यांच्या मनात आलं. पहिल्यांदा कधी आलं होतं, ते पुढे येईलच.

कारण त्या दाराआड त्यांची बायको होती, आणि तिची वाचा जाऊन चार महिने झाले होते. एका सकाळी ओट्यापाशी उभी असताना तिच्या हातातून कपबशी पडली, आणि मागोमाग ती. दवाखान्यातून घरी आली ती उजवा हात लोंबता आणि तोंडात एकच शब्द घेऊन. "ते." पाणी हवं, ते. खिडकी लावा, ते. उशी नीट करा, तेही तेच. समजायचं तिला सगळं. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथूनच परत जायचा. मग ती चिडायची, मग रडायची, मग भिंतीकडे तोंड करून पडायची. कानमास्तर तिच्यासमोर एकेक वस्तू धरून बसत. वाटी म्हण. वा-टी. महिनाभर वाटी धरून त्यांनीही शेवटी हात टेकले.

आणि आता वरून शब्द येत होते. नुसते सूर नव्हेत, शब्द, धुऊन ठेवल्यासारखे स्वच्छ.

*भर गं बाई, घडा भर, काठाच्या वरी,*
*सांडलं ते सांडू दे, उरलं ने गं घरी.*

उरलेल्या पायऱ्या ते कसे चढले, त्यांचं त्यांना कळलं नाही. त्यांनी किल्ली कुलपात घातली, फिरवली, आणि गाणं थांबलं. ओळ संपली म्हणून नाही, श्वास संपला म्हणूनही नाही. शब्दाच्या मधोमध, कुणी तोंडावर हात ठेवावा तसं.

बायको खिडकीजवळच्या खुर्चीत होती. शेजारी स्टुलावर समोरच्या दारातली शिंपीणबाई, मांडीवर शाळेच्या गणवेशांचा ढीग, हातात सुई. कानमास्तर कामावर असताना तीच सोबतीला बसायची. बायकोची नजर जमिनीवर होती.

"कोण गात होतं?"

शिंपीणबाईने दात लावून दोरा तोडला.

"ते," बायको म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघू लागली.

शिंपीणबाई ढीग उचलून निघाली तसे कानमास्तर तिच्या पाठोपाठ बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

"वहिनी, खरं सांगा. कोण गात होतं?"

"मी नव्हे. माझा आवाज ठाऊक आहे ना तुम्हाला? मशीनला तेल कमी पडल्यावर येतो तसला."

"पण तिची वाचा गेलीय!"

"बोलायची गेलीय भाऊजी. गायची कुठे गेलीय? दवाखान्यातून आल्यावर तिसऱ्याच दिवशी गायल्या की ताई." एवढं बोलून ती थबकली. त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि तिचा हात आपोआप गालावर गेला. "अगंबाई. म्हणजे तुम्हाला खरंच ठाऊक नाही? मग आधीचंही ठाऊक नसेल."

"आधीचं कसलं?"

"तेहतीस वर्षांचं."

आणि तिने तिथेच, मांडीवरचे गणवेश आता पोटाशी धरून, सगळं सांगून टाकलं. पावणेसहाला कानमास्तर पाण्याच्या टाकीपाशी वळले की सहाला वरच्या मजल्यावरून पहिलं गाणं सुरू व्हायचं. बिल्डिंगमधल्या पोरांना त्यावर जाग यायची. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा अंथरुणाला खिळले होते, ते सुनेला म्हणत, खिडकी उघड, वरची बाई आली. दोनला कुलपात किल्ली फिरली की बंद. रोज. फक्त रविवार सोडून, कारण रविवारी कानमास्तर घरी असत.

"माझे हे गेले तेव्हाचं सांगू? नऊ दिवस माझ्या डोळ्यांत पाणी नाही. लोक येत होते, समजावत होते, मी दगड. ताई आल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्या मशीनशेजारी बसल्या आणि हळू आवाजात गायला लागल्या. कुठलंसं साधंच गाणं. भाऊजी, देवापुढे इतकी वर्षं हात जोडले, पण तो ऐकतोय असं मला फक्त त्या दुपारी वाटलं. त्या दिवशी मी रडले. त्या दिवशी मी जेवले."

कानमास्तरांनी कठड्याला धरलं.

"सगळ्यांना ठाऊक होतं? आणि मला एकानेही सांगितलं नाही?"

"त्यांनीच शपथ घातली होती सगळ्यांना. म्हणायच्या, त्यांच्या कानावर हजार माणसांचा जीव आहे, आपण त्यात खोडा घालायचा नाही."

टाचणी पडली तरी आमच्या घरात ऐकू येते, असं हा गृहस्थ पाहुण्यांना अभिमानाने सांगायचा. त्याला आपली बायको गाते, हे तेहतीस वर्षं ऐकू आलं नाही. कानमास्तर!

आता ती पहिली वेळ. लग्नाचं पहिलं वर्ष होतं. ती तेव्हा केस विंचरताना गायची, कपडे वाळत घालताना गायची, आणि घड्याचं ते गाणं, तिच्या आईचं, सारखं तिच्या ओठी असायचं. ते यांच्या डोक्यात जाऊन बसायचं. एक दिवस चाकं ठोकत चालले होते आणि मनात तीच ओळ घोळत होती. एक चाक तसंच पुढे गेलं. पुढच्या यार्डातल्या माणसाला तडा सापडला. कुणाला काही झालं नाही, पण वस्तादांनी चारचौघांत झाडलं. वस्ताद म्हणजे ज्यांनी हातोडी धरायला शिकवली ते. "चाकवाल्याच्या डोक्यात गाणं नको!" एवढंच म्हणाले, पण घाव वर्मी बसला. कानमास्तर घरी आले, ती गात होती. यांनी ओठांवर बोट ठेवलं. "श्श. तुझं गाणं माझ्या डोक्यात राहतं." ती हसली. तिला वाटलं, कौतुक चाललंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोट. तिसऱ्या दिवशी तिला उमगलं. आठवड्याभरात रेडिओही मेव्हण्याच्या घरी गेला.

भांडण नाही, आदळआपट नाही. एका बोटाचं काम.

शुक्रवारी बोलणं शिकवणाऱ्या बाई आल्या. दवाखान्यातून महिन्यातून दोनदा येत, सडपातळ, घाईत, पिशवीत चित्रांची कार्डं. कानमास्तरांनी त्यांना जिन्यातच गाठून सगळं सांगितलं. बाईंना ते नवल नव्हतं.

"होतं असं, काका. बोलणं डोक्याच्या एका बाजूला राहतं, गाण्याचं बिऱ्हाड बरंचसं दुसऱ्या बाजूला. एक घर पडलं तरी दुसरं उभं असतं. आणि त्या दुसऱ्या घरातून कधीकधी शब्द परत आणता येतात. आधी गाऊन, मग हळूहळू नुसते. पण आत्ताच करायला हवं. हे पुढचे दोन-तीन महिने फार मोलाचे आहेत, नंतर वाट बुजत जाते. आणि रोज हवं, घरच्या माणसासोबत. तुम्ही आहात ना दुपारनंतर?"

"मी असलो की ती गात नाही."

बाईंना ते खरं वाटलं नाही. आत गेल्या, खुर्ची ओढली, ताल धरला, स्वतः दोन ओळी गुणगुणल्या. बायको चपला बघत बसली. बाईंनी खूण केली तसे कानमास्तर बाहेर गेले, खालच्या वळणापर्यंत पायऱ्या उतरले. वर गाणं सुरू झालं. ते परत चढले, किल्ली फिरवली. थांबलं.

बाई निघताना दाराशी थांबल्या. मग म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका, पण मीही असं बघितलं नव्हतं. यांचं स्वतःचं नाव गेलंय. वार गेलेत, आकडे गेलेत, मीठ आणि साखरेतला फरक सांगता येत नाही. आणि तुम्ही आलात की थांबायचं, हे मात्र राहिलंय."

माणसाला थोबाडीत मारली तर निदान गाल चोळता येतो. कानमास्तर दाराशी नुसतेच उभे राहिले.

त्यांनी रजा टाकली. अडतीस वर्षांत त्यांनी इतकी सलग रजा घेतली नव्हती. सकाळी पावणेसहाला डबा घेऊन निघायचं, टाकीपाशी वळायचं, दहा मिनिटांनी मागच्या फाटकातून परत यायचं आणि दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर बसायचं. येणारे-जाणारे पाय उचलून त्यांना ओलांडत. कुणी काही विचारत नसे. अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होतं.

वर ती गायची. कधी घड्याचं, कधी झोपाळ्याचं, कधी ज्याला शब्दच नाहीत असं काहीतरी. आणि पायरीवर बसलेल्या या माणसाचं डोकं भणाणून जायचं. अडतीस वर्षं त्यांनी एकच नियम मानला होता: तडा गेलेली वस्तू बद्द वाजते. अपवाद नाही. आणि वर एक बाई होती, जिच्या डोक्यात एवढा मोठा तडा होता की त्यातून वाटी, मीठ, नवरा, सगळं गळून गेलं होतं. ती वाजत होती खणखणीत. भरलेली, पुरी, कुठेही न तुटलेली. मग वाजतंय ते काय? शरीर तर नव्हे, ते अर्धं निजलेलं होतं. बुद्धी नव्हे, ती डॉक्टरांनी फोटोत दाखवली होती, काळा डाग पडलेली. त्या सगळ्याच्या आत आणखी काहीतरी होतं, ज्याला तडा जात नव्हता, आणि ते ऐकायची या कानांना सवयच नव्हती. कानमास्तर देवाधर्मातले नव्हते. पण त्या पायरीवर त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

सातव्या दिवशी ते वस्तादांकडे गेले.

वस्ताद नव्वदीचे. खाटेवर बसलेले, कान जवळजवळ गेलेले, आणि उशाशी रेडिओ इतका मोठ्याने लावलेला की गल्लीच्या तोंडाशी ऐकू यावा. कानमास्तरांनी तो बारीक केला आणि ओरडून विचारलं, "वस्ताद, तुम्ही म्हणाला होतात ना, चाकवाल्याच्या घरात गाणं नको?"

"घरात? मी?" वस्ताद दचकलेच. "मी म्हटलं होतं, ठोकताना डोक्यात गाणं नको. यार्डात गुणगुणू नये. गुणगुणणाऱ्याला आपलाच सूर चाकात ऐकू येतो. घरात कशाला नको? अरे, माझी आई गायची, बायको गायची, मी स्वतः रेकत होतो. कानाला धार लावायची कशावर मग? दिवसभर लोखंड ऐकून कान बोथट होतो. घरी जाऊन गाणं ऐकायचं, म्हणजे सकाळी चाक नीट कळतं."

"तू काय, घरात बंद केलंस?" म्हातारा पुढे वाकला. "किती दिवस?"

कानमास्तरांनी वाकून पाया पडल्यासारखं केलं आणि निघाले. मागे रेडिओ पुन्हा मोठा झाला.

घरी पोचले तेव्हा साडेचार वाजले होते. शिंपीणबाई त्यांना बघताच उठून आपल्या घरी गेली. बायको खुर्चीत, नजर चपलांवर. कानमास्तरांनी स्टूल ओढलं आणि तिच्या अगदी समोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतके. सबंध वाटेत त्यांनी जुळवून आणलेलं बोलणं होतं. त्यातलं एकही वाक्य सापडेना. जन्मात पहिल्यांदा त्यांना कळलं, शब्द ओठांशी येऊन परत जातो म्हणजे काय होतं.

"माझं चुकलं गं," ते कसेबसे म्हणाले. "फार चुकलं. गा ना."

"ते," ती म्हणाली. मान वर झाली नाही.

मग कानमास्तरांनी जे केलं, ते त्यांच्या यार्डातल्या कुणी बघितलं असतं तर हातातला चहा सांडला असता. त्यांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं. गाण्यातलं त्यांना ओ की ठो ठाऊक नव्हतं. जगात एकच गाणं त्यांना येत होतं, जे तेहतीस वर्षांपूर्वी डोक्यात राहिलं म्हणून त्यांनी बंद पाडलं होतं. ते अजून तिथेच होतं.

"भर गं बाई, घडा भर, काठाच्या वरी," त्यांनी सुरुवात केली. आवाज फाटका, सूर कुठल्या कुठे. "सांडलं ते भरून घे, उरलं..."

ते थांबले, कारण तिची मान वर झाली होती. ती त्यांच्याकडे बघत होती. आणि तिने आपला चालता हात, डावा, हळूहळू उचलला आणि ओठांवर बोट ठेवलं.

श्श.

तेच बोट, तीच खूण. तेहतीस वर्षं जपून ठेवून तिने त्यांची त्यांना परत केली होती. बरोबरच होतं. याहून वेगळं काय मिळायला हवं होतं? त्यांनी तोंड मिटलं, हात गुडघ्यांवर ठेवले आणि खाली बघितलं. घरात घड्याळ वाजत होतं, तेवढंच.

आणि त्या शांततेत ती गायला लागली.

किल्ली फिरलेली होती, ते समोर होते, गुडघ्याला गुडघा लागत होता, आणि ती गात होती. पहिली ओळ, दुसरी ओळ, घाई न करता, चुकलेल्या माणसाला शिकवावं तशी, डोळ्यांत डोळे घालून. त्यांना गप्प केलं होतं ते त्यांनी ऐकावं म्हणून. समोरच्या घरातलं शिलाई मशीन मध्येच बंद पडलं. कानमास्तर हलले नाहीत. त्यांना भीती होती, श्वास घेतला तरी थांबेल.

गाणं संपलं. तिने खुर्चीच्या हातावर दोनदा बोट आपटलं. आता तुम्ही.

"भर गं बाई, घडा भर," ते घोगऱ्या आवाजात म्हणू लागले, "काठाच्या वरी... सांडलं ते भरून..."

तिने कपाळाला हात लावला. लग्नानंतर लावायची तसा. आणि मग, सुरात नाही, तालात नाही, साध्या बोलत्या आवाजात, थोडीशी वैतागून, ती म्हणाली, "अहो. सांडू दे."